वेंगुर्ला रोड

बेळगावात कुणालाही विचारा, वेंगुर्ला रोड कुठला? तो लगेच हात करून दाखवील. कॅम्प मागे पडला आणि हिंडलगा आला की तोच वेंगुर्ला रोड. आता त्यावर वसाहती झाल्या, मंगल कार्यालये झाली, गॅरेजे आणि खानावळी झाल्या. लग्नपत्रिकेत पत्ता असतो, 'वेंगुर्ला रोड, अमुक कार्यालय'. पण त्या लग्नाला जमलेल्या हजार माणसांना विचारले की तुमच्यापैकी वेंगुर्ले किती जणांनी पाहिले आहे, तर फारसे हात वर होणार नाहीत.

आमचे गाव याच रस्त्यावर, तुरमुरी-बाचीच्या पट्ट्यात. गावाबाहेर चिंचेखाली मैलाचा एक दगड होता. त्यावर बेळगाव आणि वेंगुर्ले अशी दोन नावे कोरलेली होती. शाळेतून येताना आम्ही पोरे त्यावर बसायचो. बेळगाव ठाऊक होते, कारण तिथे बाजार, दवाखाना आणि सिनेमा होता. वेंगुर्ले मात्र कुणी पाहिलेले नव्हते. एकदा मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारले, "आप्पा, वेंगुर्लं म्हणजे काय?"

ते बैलांना पाणी दाखवत होते. मागे न बघताच म्हणाले, "लांब असतंय. तिथनं मीठ यायचं."

पुढे बरीच वर्षे वेंगुर्ल्याबद्दल मला एवढेच माहीत होते. आप्पांनाही त्याहून जास्त माहीत नव्हते, हे मला फार उशिरा कळले. जन्म या रस्त्याच्या कडेला गेलेला हा माणूस वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेला नव्हता. ते टोक आहे सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर.

मीठ वर, धान्य खाली

आपल्या भागात रस्त्याला ज्या गावाचे नाव पडते ते उगीच पडत नाही. वेंगुर्ला रोडचे नाव पडले ते बंदरामुळे.

वेंगुर्ले हे कोकण किनाऱ्यावरचे जुने बंदर. सतराव्या शतकात, १६३८ च्या सुमारास, डचांनी तिथे वखार घातली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. पुढे हे बंदर सावंतवाडीकर सावंतांकडे होते. समुद्रावरील चाचेगिरीचा बंदोबस्त करायचा म्हणून इंग्रजांनी १८१२ मध्ये ते त्यांच्याकडून आपल्या ताब्यात घेतले. सहा वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि त्याच धामधुमीत जनरल मन्रोने वेढा घालून बेळगावचा किल्ला घेतला. इंग्रजांना इथली हवा मानवली. किल्ल्याच्या पश्चिमेला छावणी वसली. तोच आपला कॅम्प.

आता छावणी आली म्हणजे तिला लागणारे सामान आले. दारूगोळा, औषधे, कापड, गोऱ्या साहेबांच्या खाण्यापिण्याच्या वस्तू, सगळे मुंबईहून यायचे. पुण्यावरून खुष्कीने आणायचे तर कितीतरी दिवस लागत. त्यापेक्षा मुंबईहून जहाजाने वेंगुर्ल्याला उतरवायचे आणि तिथून घाट चढवून बेळगावला आणायचे हे सोयीचे होते. म्हणून वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर झाले. समुद्र नसलेल्या गावाला असे बंदर मिळाले ते या रस्त्यामुळे.

सुरुवातीची वाट आजची नव्हती. ती रामघाटाने होती. चंदगड तालुक्याच्या कोकणाकडच्या कडेला, पारगड-तिलारीच्या परिसरात हा घाट उतरतो. वाट जवळची, पण चढ छातीवर येणारा. लमाणांचे बैल आणि डोक्यावर ओझे घेतलेली माणसे त्या वाटेने चढत. गाड्यांचे मात्र हाल होत. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडून लांबचा, पण सोप्या चढाचा दुसरा घाट बांधला गेला. पायथ्याला पारपोली गाव, म्हणून त्याचे नाव पारपोली घाट. आज आपण त्यालाच आंबोली घाट म्हणतो. घाट झाला तशी आंबोलीही पुढे आली. सावंतवाडीचा इंग्रज राजकीय अधिकारी कर्नल वेस्ट्रॉप याने १८८० च्या सुमारास तिथे थंड हवेचे ठिकाण वसवले.

माझ्या पणजोबांची या रस्त्यावर गाडी होती. पणजोबांना मी पाहिलेले नाही. आज्जी जे सांगायची तेवढेच ठाऊक. सुगी आटोपली की गावातल्या दहाबारा गाड्या मिळून निघत. एकटी गाडी कुणी घालत नसे, कारण घाटात वाघाची भीती आणि चोराचीही. जाताना तांदूळ, गूळ, मिरची आणि तंबाखू. येताना मीठ, सुके बांगडे, नारळ आणि सोलं. वाटेत तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवायचा. घाट उतरताना गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला झाडाची मोठी फांदी बांधून ती फरफटत न्यायची. चढताना पुढच्या गाडीचे बैल सोडून आणायचे, मागच्या गाडीला जोडायचे आणि एकेक गाडी वर काढायची. दहा गाड्या वर चढेपर्यंत दिवस मावळायचा.

"मिठाची गाडी पावसात गावली की निम्मी गाडी वाटंतच वाहून जायची," असे आज्जी सांगायची. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे वाचल्यावर मला तिच्या बोलण्याचा अर्थ कळला. म्हणूनच मिठाचा सगळा व्यवहार दसरा ते वैशाख एवढ्या दिवसांत उरकायचा. पावसाळ्याची बेगमी हा शब्द आपण सहज वापरतो. त्यात या गाड्यांचा घाम आहे.

आगगाडी आली

वेंगुर्ल्याच्या बंदराला उतरती कळा लागली ती आगगाडीने. १८८० चे दशक सरता सरता बेळगावला लोहमार्ग आला आणि त्याच सुमारास लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत रूळ पडले. जो माल बैलगाडीने चारचार दिवस घाट उतरायचा तो आता वाघिणीत बसून एका दमात समुद्राला पोहोचू लागला. घाटमाथ्याचा व्यापार मुरगावकडे वळला. वेंगुर्ल्याला मुंबईची बोट लागत राहिली, चाकरमानी तिच्यातून जात-येत राहिले. पण बेळगावच्या व्यापाऱ्याची नजर तिकडून फिरली ती फिरलीच.

रस्ता मात्र मेला नाही. मोठा व्यापार गेला, छोटा राहिला. व्यापाऱ्याच्या गाड्या थांबल्या, शेतकऱ्याच्या चालू राहिल्या. मीठ, मासळी, नारळ, सोलं आणि काजू खालून वर येतच राहिले. मोटारी आल्यावर गाड्यांच्या जागी लॉऱ्या आल्या. बाजाराचा दिवस तोच राहिला.

मिठाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला शिरोडे आहे. तिथली मिठागरे जुनी. १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा कायदा मोडायला सांगितले तेव्हा महाराष्ट्रात जे मोठे मिठाचे सत्याग्रह झाले त्यांत शिरोड्याचा सत्याग्रह होता. त्या वेळी तिथल्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे ते शिरोड्यात राहिले. आमच्या घरातल्या रांजणात जे मीठ असायचे त्याच्या पाठीमागे एवढे सगळे होते, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

बाची-शिनोळीची रेघ

आप्पांचा जन्म १९४४ चा. त्यांच्या लहानपणी हा रस्ता आंबोलीच्या अलीकडपर्यंत एकाच जिल्ह्यातून जायचा, कारण चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. चंदगडच्या माणसाची कोर्टकचेरी बेळगावात, कॉलेज बेळगावात, बाळंतपण बेळगावात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळला. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. आमच्या रस्त्यावर बाची आणि शिनोळी यांच्यामध्ये राज्याची हद्द आली. बाची अलीकडे, शिनोळी पलीकडे. दोन्ही गावांत मराठीच बोलतात. दोन्हीकडचे देव एक, सोयरिकी एक. शेताचे बांध तर रेघेच्या अलीकडे-पलीकडे कसेही गेलेले. एकाच भावकीतल्या माणसाला एका शेताचा सातबारा मराठीत मिळतो आणि दुसऱ्याचा उतारा कानडीत.

त्या रेघेला दहा वर्षे होत होती तेव्हा, १९६६ च्या वैशाखात, आप्पांच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले. ती माझी आत्ती. तिला शिनोळीच्या पलीकडच्या एका गावात दिली. आमच्या घरापासून सात-आठ किलोमीटर. वऱ्हाड बैलगाडीतून गेले. आपण मुलगी दुसऱ्या राज्यात देतो आहोत असे कुणाच्या मनातही आले नाही. रेघ आज ना उद्या पुसली जाणार असेच सगळे धरून चालले होते. त्याच वर्षी महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला आणि बेळगाव होते तिथेच राहिले. नंतरचे सगळे वाचकांना माहीतच आहे. मोर्चे, निवडणुका, १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, त्यातला गोळीबार आणि याच रस्त्यावर हिंडलग्यात उभे असलेले हुतात्मा स्मारक. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ मध्ये पाट्यांवरच्या बेळगावचे बेळगावी झाले.

या काळात रेघ दिसायची ती अशा बारीकसारीक गोष्टींत. बाचीच्या पुढे गेले की डांबराचा रंग बदलायचा. पाटीवरचे अक्षर बदलायचे. 'केए २२' च्या गाड्यांत 'एमएच ०९' च्या मिसळायच्या, घाट उतरला की 'एमएच ०७' च्या. मोबाइल आले तेव्हा तर गंमतच झाली. आमच्या शेताच्या एका बांधावर फोन घेतला की महाराष्ट्राचा टॉवर लागायचा आणि रोमिंग पडायचे. आत्तीचा फोन आला की आप्पा धावत गोठ्याच्या बाजूला यायचे, कारण तिथे 'आपला' टॉवर लागायचा.

पण बाजाराने ही रेघ कधी मानली नाही. चंदगडची रताळी बेळगावच्याच मार्केटात येतात. महाशिवरात्र आणि आषाढी एकादशीच्या आधी या रस्त्याने रताळ्यांची पोती भरून ओळीने टेम्पो येतात. आजारी माणूस बेळगावलाच येतो. उलट इकडची पोरे सकाळी डबा घेऊन शिनोळी आणि हलकर्णीच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. सकाळी आठ वाजता बाचीच्या फाट्यावर उभे राहावे म्हणजे रस्ता कुणाचा आहे ते कळते.

आप्पा दर भाऊबीजेला आत्तीकडे जायचे. आधी गाडीने, मग सायकलने, मग एसटीने, शेवटी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून. दरवर्षी शहापूरच्या पेठेतून तिच्यासाठी साडी आणायची. रंग तेच निवडायचे, आईला विचारायचे नाहीत. १९६६ ते २०१९ अशा चौपन्न दिवाळ्या झाल्या. त्यात एकही चुकली नाही.

एक साडी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. राज्यांच्या हद्दी बंद झाल्या. वेंगुर्ला रोडवर दोन्ही बाजूंनी नाके बसले, लोखंडी अडथळे लागले. शेतातून जाणाऱ्या आडवाटांवर मातीचे ढीग टाकले गेले. त्रेसष्ट वर्षे जी रेघ कागदावर होती ती पहिल्यांदा हाताला लागण्यासारखी झाली.

एप्रिलमध्ये एका पहाटे आतेभावाचा फोन आला. आत्ती रात्रीच गेली होती. आजार कोरोनाचा नव्हता, हृदयाचा होता. तिचे औषधपाणी नेहमी बेळगावातच चालायचे. त्या दिवसांत ती येऊ शकली असती तर वाचली असती की नाही, हे कुणी सांगू शकणार नाही. आतेभावानेही तो विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही.

आपल्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी घालतात. ती आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. आप्पांनी फोन ठेवला आणि आईला एवढेच म्हणाले, "साडी बघ." दुकाने सगळी बंद. आईने ट्रंक उघडली आणि स्वतःसाठी ठेवलेली, घडी न मोडलेली हिरवी शहापुरी साडी काढून दिली. आत्ती सवाष्ण गेली होती.

मी आणि आप्पा बाचीच्या नाक्यावर गेलो. आमच्याकडे पास नव्हता. तो मिळायला दोन दिवस तरी लागणार होते, आणि तेवढा वेळ नव्हता. नाक्यावर एक तरुण पोलीस होता, उत्तरेकडच्या कुठल्या तालुक्यातला असावा. मराठी त्याला फारशी येत नव्हती. मी मोडक्या कानडीत सांगायला लागलो. आप्पांनी काहीच सांगितले नाही. त्यांनी पिशवीतून साडी काढली, तिच्यावर हळदीकुंकवाची पुडी ठेवलेली होती, आणि दोन्ही हातांवर ती धरून उभे राहिले.

त्या पोलिसाने साडीकडे बघितले, आप्पांकडे बघितले. त्याच्याकडेही असेच असणार. तो म्हणाला, "अज्जा, तुम्हाला सोडता येत नाही. हे मी देतो. तुम्ही बसा." त्याने आपली खुर्ची पुढे केली. मग साडी पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवली आणि मोटारसायकल काढून तो समोरच्या रिकाम्या रस्त्याने शिनोळीच्या नाक्याकडे गेला. तिकडच्या पोलिसाने ती घेतली आणि पलीकडे उभ्या असलेल्या आतेभावाच्या हातात दिली.

आप्पा खुर्चीवर बसले नाहीत. रस्त्याकडे बघत उभे राहिले. एवढ्या वर्षांत तो रस्ता असा मोकळा मी कधी पाहिला नव्हता. ना लॉरी, ना टेम्पो, ना एसटी. दोन राज्यांच्या मधल्या त्या डांबरावर फक्त ती एक मोटारसायकल जाताना आणि परत येताना दिसली.

तासाभराने आतेभावाचा फोन आला. त्याने व्हिडिओ लावतो म्हटले. आप्पांनी नको म्हणून हात केला. विचारले एवढेच, "नेसवली काय?"

"व्हय मामा, नेसवली."

"मग उचला." आणि आम्ही घरी आलो.

या प्रसंगाबद्दल मी कुणाला दोष देत नाही. साथीचे दिवस होते, नियम सगळ्यांना होता, आणि त्या नियमातून एका कानडी पोराने आमच्या साडीपुरती वाट काढली. पण त्यानंतर पुढे काही झाले की मला तो रिकामा रस्ता आठवतो. २०२१ मध्ये तपासणीचा दाखला असल्याशिवाय सोडत नव्हते तेव्हा आठवला. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पुन्हा पेटला आणि दोन्हीकडच्या बसगाड्या काही दिवस थांबल्या तेव्हाही आठवला.

वेंगुर्ले बघितले

२०२३ च्या फेब्रुवारीत एका सकाळी आप्पा एकाएकी म्हणाले, "त्या वेंगुर्ल्याला जाऊन येऊया की."

मी कारण विचारले नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी काढली. बाची ओलांडताना ते खिडकीतून बाहेर बघत होते. नाक्याची जागा गेली, काही बोलले नाहीत. शिनोळी गेली, पाटणे फाट्यावर चहा घेतला, नागनवाडी गेली, कानूर गेले. दोन्ही बाजूंना काजूला मोहोर होता. चंदगडात आता काजू भरपूर झाला आहे. त्यातली पुष्कळ कलमे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची. वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात अशी त्यांची नावे. पूर्वी खालून मीठ वर आले, आता झाडे वर आली.

आंबोलीच्या अलीकडे आजऱ्याकडून येणारा रस्ता मिळाला. तिथून पुढचा घाट आता संकेश्वर-बांदा या राष्ट्रीय महामार्गात गेला आहे. आपला वेंगुर्ला रोड तेवढ्यापुरता मोठ्या घरात नांदायला गेलेल्या मुलीसारखा झाला आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी थांबलो. देवळामागच्या गुहेतून पाणी येते, ते पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वरकडे वाहत जाते. त्या झऱ्यात २०२० मध्ये माशाची एक नवी जात सापडली, तिला नदीचेच नाव दिले, आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आप्पांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. मासा बघायला वाकले नाहीत. म्हणाले, "ह्ये पाणी तिकडं आपल्याकडंच येतंय म्हण की." घाटाच्या एवढे कडेला उगवून समुद्राकडे न जाता उलट पूर्वेला जाणारी नदी त्यांना पटली.

घाट उतरताना मात्र त्यांना कंठ फुटला. प्रत्येक वळणाला ते सांगू लागले, इथे बैल बदलले असतील, इथे फांदी बांधली असेल, इथे पाणी पाजले असेल. पाहिलेले काहीच नव्हते, सगळे आज्जीच्या तोंडचे ऐकलेले. पण बैल ज्याने हाकले आहेत त्याला चढ बघून कळते. एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून दरीकडे बघत म्हणाले, "भरल्या गाडीनं हे चढायचं म्हणजे चेष्टा न्हवं."

दाणोलीत साटम महाराजांच्या समाधीला हात जोडले. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी जेवलो, चितारआळीतून नातीसाठी लाकडी फळे घेतली. तळवडे, होडावडे, तुळस अशी गावे मागे टाकत चार वाजता वेंगुर्ल्यात पोहोचलो. रस्ता सरळ बंदरावर जाऊन संपला. पुढे पाणी.

आप्पा धक्क्यावर बराच वेळ उभे होते. चार होड्या, वाळत टाकलेली जाळी, डोंगरावरचे दीपगृह. ज्या बंदरात एका छावणीचा संसार उतरायचा ते आता मासेमारीचे आणि फिरायला येणाऱ्यांचे झाले आहे. मला वाटले, त्यांचा हिरमोड झाला असेल. तसे काही नव्हते. ते म्हणाले, "हितनं सुरू हुतंय हो?" जन्मभर जो रस्ता आपल्या दारातून सुरू होतो असे ते समजत होते, त्याचे पहिले टोक त्यांनी पाहिले होते.

बाजारात मीठ विचारले. दुकानदाराने बोली ओळखली. "बेळगावसून इलात काय?" म्हणाला, "लग्नाचो बस्तो बांधूक आमी अजून बेळगावाकच येतो." म्हणजे आमचे नाव त्यांच्याकडेही रस्त्याने टिकवले होते. त्यानेच सांगितले, जाडे मीठ हवे तर शिरोड्याला जावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मिठागरांच्या वाफ्यांत पाणी चमकत होते, कडेला मिठाचे ढीग होते. आप्पांनी चिमूटभर जिभेवर ठेवले आणि दहा किलोचे पोते घेतले. घरात आयोडीनयुक्त मिठाची पाकिटे असताना या मिठाचे काय करणार, असे मी विचारले नाही.

परतीच्या वाटेवर शिनोळी जवळ आली तसे ते म्हणाले, "आत घे."

आत्तीच्या घरी आतेभाऊ नव्हता, वहिनी होत्या. त्यांनी पाणी आणले. आप्पांनी गाडीतून पोते काढायला सांगितले, ते स्वतः सोडले आणि म्हणाले, "भांडं आण गं. निम्मं तुमचं." वहिनींनी आत्तीचीच जुनी बरणी आणली. आप्पा ओंजळीने त्यात मीठ भरू लागले. मीठ ओले होते, हाताला चिकटत होते. बरणी भरली तरी निम्मे झाले नव्हते, तेव्हा वहिनी आतून घागर घेऊन आल्या.